दिसतं, पण वाजत नाही: नौपाड्यातल्या एका गाडीचं प्रकरण

ठाण्यात कार ऑडिओच्या दुरुस्तीचं काम करताना "पेनड्राइव्ह वाजत नाही" हे वाक्य सतत कानावर येतं. ऐकायला ती एकच तक्रार वाटते. प्रत्यक्षात तिच्यात निदान चार निरनिराळ्या तक्रारी असतात: ड्राइव्हच दिसत नाही, ड्राइव्ह दिसतो पण फाइल दिसत नाही, फाइल दिसते पण वाजत नाही, वाजते पण नीट वाजत नाही. चारही तक्रारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. त्या वेगळ्या करून पाहायचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून धडधाकट स्टिरिओ गाडीतून उपटले जातात. नौपाड्यातल्या एका गाडीत या चारही तक्रारी एकदम निघाल्या, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो आहे.

गाडी आणि तिच्यातलं ऐकणं

गाडीच्या मालकीण शास्त्रीय गायन शिकवतात. शिष्य त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. राहायला नौपाड्यात आणि आठवड्यातले काही दिवस नेरुळला वर्ग. गाडी स्वतः चालवतात. कळवा, विटावा, दिघा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली गाड्या तुंबल्या की वेळ लागतो, पण त्याचं बाईंना काही वाटत नाही. घरी शिकवणी, फोन, येणारे-जाणारे. सलग ऐकायला मिळतं ते गाडीतच.

गाडी २०१४ सालची, लहान हॅचबॅक. स्टिरिओ कंपनीनं बसवलेला, डॅशबोर्डच्या साच्यातच घडवलेला: एफएम, सीडी, एक यूएसबी, एक ऑक्स आणि ब्लूटूथ. टचस्क्रीन नाही, दोन ओळींचा डिस्प्ले. बटणं न बघता हाताला सापडतात. गाडी चालवणाऱ्या माणसाला चकचकीत पडद्यापेक्षा ही बटणं कधीही बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाईंना तीन गोष्टी ऐकायच्या होत्या. पहिली आणि सर्वांत मोलाची म्हणजे त्यांच्या गुरुजींच्या बैठका. १९८०च्या दशकात घरगुती बैठकींत छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेली ही ध्वनिमुद्रणं, सगळी मिळून पन्नासेक तासांची. गुरुजी आता नाहीत आणि या कॅसेटींची दुसरी प्रत कुठेही नाही. बाईंनी त्या एका ठिकाणी देऊन डिजिटल करून घेतल्या होत्या. दुसरी गोष्ट शिष्यांचे रियाज, जे रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आणि तिसरी तानपुरा, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला, सकाळी वाटेत आवाज मोकळा करायला.

यातलं जवळजवळ काहीच धड वाजत नव्हतं. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "मॅडम, सिस्टीम जुनी झाली. अँड्रॉइड स्टिरिओ टाका, सगळं वाजेल." त्याआधी कोणीतरी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर देऊन पाहिला होता. मुंबई-ठाण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी एफएमची गर्दी असताना मोकळी जागा सापडणं कठीण. घरापाशी मोकळी वाटलेली जागा ऐरोलीला पोचेपर्यंत कोणा स्टेशनच्या आवाजानं भरायची. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. बाईंनी तो ट्रान्समीटर दोन दिवसांत काढून ठेवला होता.

माझ्याकडे आल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच: "स्टिरिओ बिघडलाय का? बिघडला असेल तर सांगा, नवा घेईन. पण बिघडला नसेल तर मला कारण कळलं पाहिजे."

चाचणीचा पेनड्राइव्ह

रेडिओ स्वच्छ लागत होता, सीडी वाजत होती, चारही स्पीकर चालू होते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरिंग ठीक होतं. यूएसबीत फॅट३२ फॉरमॅटचा (फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत), साध्या एमपीथ्री भरलेला माझा छोटा पेनड्राइव्ह लावला, तो लगेच वाजला. इथेच अर्धं निदान झालं. स्टिरिओ बिघडलेला नव्हता. त्याला जे वाचता येतं ते त्याला दिलं जात नव्हतं.

काय वाचता येतं हे मॅन्युअलमध्ये दोन ओळींत लिहिलेलं असतं, पण त्या ओळी बहुधा अपुऱ्या असतात. म्हणून मी चाचणीचा एक पेनड्राइव्ह बनवून ठेवला आहे. त्यात तानपुऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा एकच तुकडा निरनिराळ्या प्रकारांत साठवलेला आहे आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मी बोलून ठेवलंय: "एक, एमपीथ्री, एकशे अठ्ठावीस", "दोन, एमपीथ्री, तीनशे वीस", "तीन, एमपीथ्री, सोळा हजार सॅम्पल" आणि असंच पुढे. एकशे अठ्ठावीस, तीनशे वीस हे बिटरेट, म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती किलोबिट खर्च होतात ते; सॅम्पल म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली ते. डिस्प्लेवर काय दिसतं यावर विसंबावं लागत नाही. कोणती फाइल वाजली आणि कोणती गाळली गेली ते ऐकूनच कळतं. ज्यांना घरच्या गाडीसाठी हे करायचं असेल त्यांनी जरूर करावं, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामवर तासाभराचं काम आहे.

बाईंच्या स्टिरिओचा निकाल असा निघाला. ४४,१०० आणि ४८,००० सॅम्पलच्या एमपीथ्री सगळ्या बिटरेटला वाजल्या. डब्ल्यूएमए वाजली. एएसीची एमफोरए वाजली, पण ॲपलच्या लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता साठवणाऱ्या प्रकारातली एमफोरए नाही. १६ बिटची सीडीसारखी वेव्ह वाजली, २४ बिट ९६,००० ची नाही. १६,००० सॅम्पलची एमपीथ्री यादीत दिसली, पण वाजली नाही. फ्लॅक आणि ओपस तर यादीतही आल्या नाहीत.

हा शेवटचा फरक फार कामाचा आहे. स्टिरिओ आधी फक्त फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं बघतो. शेपूट अनोळखी असेल तर फाइल यादीत घेतच नाही. ओळखीचं असेल तर घेतो, उघडतो आणि आतला मजकूर झेपला नाही तर "अनसपोर्टेड" म्हणून पुढे जातो. त्यामुळे "दिसत नाही" आणि "दिसते पण वाजत नाही" यांत कारण कुठे शोधायचं तेच बदलतं.

ड्राइव्हच दिसत नाही

डिजिटल केलेल्या कॅसेटी बाईंना एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर मिळाल्या होत्या. ती त्यांनी सरळ गाडीत लावून पाहिली होती. डिस्क टकटक करून गप्प बसायची. यूएसबी २.० च्या डेटा पोर्टमधून नियमानं ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि फिरती डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागू शकते. शिवाय डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची, जी या स्टिरिओला वाचताच येत नाही. मूळ संग्रहाची डिस्क गाडीत हिंदकळायला न्यायचीच नाही, हे मी बाईंना हात जोडून सांगितलं. त्यांनी ती त्याच दिवशी कपाटात ठेवली आणि तिची आणखी एक प्रत करून नेरुळच्या वर्गातल्या कपाटात ठेवली.

मग एका शिष्येच्या भावानं सगळं १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. मुलगा हुशार, काम मन लावून केलेलं, तरी डिस्प्लेवर "नो यूएसबी". कारण पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा होता. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणलं आणि त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला तो २०१९ मध्ये. तोवर ते वापरायला परवाना घ्यावा लागे, म्हणून त्या काळातल्या बऱ्याच स्टिरिओंत ते नाही. फॅट३२ मात्र जवळजवळ प्रत्येक स्टिरिओला कळतं. अडचण अशी की विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही, आणि मोठे पेनड्राइव्ह अनेकदा दुकानातूनच एक्सफॅट होऊन येतात. लोकांना वाटतं, मोठा पेनड्राइव्ह घेतला म्हणजे चांगलं केलं.

त्या मुलाचा कॉम्प्युटर मॅक होता, त्यामुळे आणखी एक गोष्ट निघाली. मॅकवर ड्राइव्ह फॉरमॅट करताना जीपीटी ही नवी विभागणी निवडली गेली तर जुन्या स्टिरिओला ड्राइव्ह रिकामाच वाटतो. त्याला एमबीआर ही जुनी विभागणी लागते. आणि मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक फाइलशेजारी टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक छुपी फाइल तयार होते. कॉम्प्युटरवर ती दिसत नाही, स्टिरिओला मात्र दिसते आणि यादीत शून्य सेकंदांची गाणी उभी राहतात.

मी ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह घ्यायला सांगितला, एमबीआर आणि फॅट३२ करून. लहान ड्राइव्हचा आणखी एक फायदा: किल्ली फिरवल्यावर स्टिरिओ सगळी यादी नव्यानं वाचतो, फायली कमी असल्या की हे पटकन उरकतं.

शिष्यांच्या फायली यादीतच नाहीत

याचं उत्तर सरळ होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला संदेश ओपस प्रकारात साठतो. ओपस २०१२ साली प्रमाणित झालं. कमी जागेत माणसाचा आवाज उत्तम राखणारं हे तंत्र आहे, पण २०१४ च्या गाडीतला स्टिरिओ त्याआधीच्या आराखड्यावर बनलेला. त्याला हे शेपूट माहीतच नाही. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लावलं तर ती यादीत येते आणि तिथेच अडते, कारण आत ओपसच असतं. एका शिष्यानं नेमकं हेच करून पाहिलं होतं.

दिसतात पण वाजत नाहीत

इथे सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता, कारण गुरुजींच्या फायली याच गटात होत्या. डिजिटल करणाऱ्यांनी काम चोख केलं होतं: २४ बिट, ९६,००० सॅम्पलची वेव्ह. जतन करायला हेच योग्य. या हिशेबानं एका मिनिटाला साडेचौतीस एमबी, तासाला दोन जीबीच्या थोडं वर, पन्नास तासांना शंभर जीबीच्या वर. पण जतन करायची प्रत आणि गाडीत ऐकायची प्रत एकच असावी, हा आग्रह कशासाठी? मूळ फायलींना हात न लावता गाडीसाठी वेगळी प्रत काढायची, हे मी सुचवलं आणि बाईंचा चेहरा लगेच बदलला.

"म्हणजे एमपीथ्री? गुरुजींचं गाणं एमपीथ्रीत?"

त्यांची शंका मी टाळली नाही, ती रास्तच होती. एमपीथ्री ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देतं, आणि काय जाणवणार नाही हे ठरवताना कमी बिटरेटला ते चुकतं. म्हणून एका बैठकीतला तोच तुकडा निरनिराळ्या बिटरेटला करून, नावं झाकून, गाडी उभी करून ऐकवला. १२८ ची फाइल बाईंनी लगेच पकडली. गाणं नव्हे, तानपुरा ऐकून. "जवारी पाण्यात भिजल्यासारखी वाटते," म्हणाल्या. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा गुंजता झणकार. अगदी बरोबर: तानपुऱ्याचे वरचे स्वरांश आणि टेपची सरसर एकत्र आले की एन्कोडरची, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामची कसोटी लागते. १९२ ला त्यांना मूळ फाइलपासून फरक करता आला नाही. कॅसेटवर मुळातच फार वरचं काही उतरलेलं नव्हतं. १५ किलोहर्ट्झच्या वर होती ती बहुतेक सरसरच. १९२ ठरलं. तासाला ८६ एमबी, सगळ्या बैठका साडेचार जीबीत मावल्या.

बिटरेट स्थिर ठेवला, बदलता नाही. बदलत्या बिटरेटनं जागा वाचते, पण तासाभराच्या फाइलमध्ये पुढे-मागे सरकताना जुने स्टिरिओ चुकीच्या जागी उडी मारतात आणि कधीकधी वेळही भलतीच दाखवतात. विलंबितातली एक जागा पुन्हा ऐकायची तर ती सापडली पाहिजे.

शिष्यांच्या फायलींत दोन गाठी होत्या. आयफोनवाल्या बहुतेकांच्या एमफोरए वाजत होत्या, एका मुलीच्या नव्हत्या. एमफोरए हा नुसता डबा आहे. आत एएसी असू शकतं किंवा ॲपलचं लॉसलेस. डब्यावरचं नाव तेच राहतं. त्या मुलीनं व्हॉइस मेमोच्या सेटिंगमध्ये लॉसलेस निवडलं होतं, बाईंना चांगलं ऐकू यावं म्हणून. ते बदलल्यावर तिच्याही फायली वाजू लागल्या.

दुसरी गाठ जास्त अवघड होती. एक शिष्य फोनवरच्या ॲपनं ओपसची एमपीथ्री करून पाठवायचा. कॉम्प्युटरवर वाजायची, फोनवर वाजायची, गाडीत नाही. शेपूट खरं, आतलं एमपीथ्रीही खरं. उघडून पाहिलं तर ॲपमध्ये "व्हॉइस" हा पर्याय लावलेला होता आणि त्यानं सॅम्पल १६,००० वर आणले होते. मूळच्या एमपीथ्री प्रमाणात, म्हणजे एमपेग-१ मध्ये, ३२,०००, ४४,१०० आणि ४८,००० हे तीनच दर आहेत. त्याखालचे दर एमपेग-२ मधून आले आणि नावाला तेही एमपीथ्रीच. काही स्टिरिओ ते वाजवतात, काही नाही. बाईंचा नाही, हे चाचणीच्या तिसऱ्या फाइलनं आधीच सांगितलं होतं. शिष्यांच्या फायलींसाठी आता नियम एकच ठेवला आहे: काहीही असो, ४४,१०० वर आणि १२८ स्थिर बिटरेटला.

वाजतं, पण नीट नाही

तानपुऱ्याची तक्रार अशी होती की दर काही मिनिटांनी तो क्षणभर तुटतो. फाइल चार मिनिटांची, स्टिरिओ रिपीटवर. एमपीथ्री ११५२ सॅम्पलच्या चौकटींत बांधलेलं असतं, त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जातेच. लेम नावाचा एन्कोडर ती किती आहे हे फाइलमध्ये नोंदवून ठेवतो, चांगले प्लेअर तेवढी कापतात, पण गाडीतले बरेच स्टिरिओ ती नोंद वाचत नाहीत. त्यात फाइल पुन्हा उघडायला लागणारा वेळ मिळतो. रोजच्या गाण्यात हे कोणाला खटकत नाही. षड्जावर स्थिर झालेल्या गळ्याला मात्र धक्का बसतो.

स्टिरिओ बदलून हा खंड जाईलच असं नाही. उपाय फाइलमध्येच होता: तो तुकडा जोडत जोडत तासाभराची एक फाइल केली. जोड मात्र कुठेही देऊन चालत नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज हे चार तारांचं आवर्तन पूर्ण होतं तिथेच तुकडा संपला पाहिजे आणि पुढचा पंचमापासून सुरू झाला पाहिजे, नाहीतर तानपुरा अडखळल्यासारखा वाटतो. तुकडे जोडायच्या जागा बाईंनी शेजारी बसून दाखवल्या. नौपाड्याहून नेरुळपर्यंत आता तो सहसा तुटत नाही.

बैठका कापायच्या का, हा प्रश्न इथेच आला. दोन फायलींच्या मध्ये हा स्टिरिओ थांबतोच. बाईंनी ठाम सांगितलं: आलाप आणि विलंबित यांच्या मध्ये कापायचं नाही, एक राग म्हणजे एक फाइल. मला हे पटलं. कॅसेटची बाजू जिथे उलटली होती तिथे मुळातच खंड होता, तिथेच फाइल तोडली.

क्रमाचा घोळही निघाला. हा स्टिरिओ नावानं क्रम लावत नाही, फायली ड्राइव्हवर ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं वाजवतो. एकदम सगळं निवडून कॉपी केलं की तो क्रम कसाही होतो. ड्राइव्ह पुसून एकेक फोल्डर क्रमानं कॉपी केला की प्रश्न मिटतो. नावांना ०१, ०२ असे दोन अंकी आकडेही लावले, म्हणजे नावानं क्रम लावणाऱ्या दुसऱ्या कुठल्या गाडीत १ नंतर १० यायला नको.

नावं मराठीत लिहिलेली होती आणि डिस्प्लेवर चौकोन उमटत होते. फाइलमध्ये नावं शाबूत होती, फॅट३२ देवनागरी नीट साठवतं. स्टिरिओच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. रोमन लिपीत नावं देता आली असती. त्याऐवजी मी बाईंना विचारलं, प्रत्येक बैठकीच्या आधी तुमच्या आवाजात राग आणि साल सांगितलं तर? आकाशवाणीवर निवेदन होतं तसं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी एका दुपारी सगळी निवेदनं बोलून दिली, साथीदारांच्या नावांसकट. त्यातली बरीच नावं कॅसेटच्या वेष्टनावर नव्हती, फक्त बाईंना आठवत होती. ती निवेदनं गाडीच्या प्रतीत फाइलच्या सुरुवातीला जोडली आणि मूळ डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवली. या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. आणि डिस्प्लेकडे बघायची गरजच उरली नाही.

आवाजाची पातळीही वरखाली होती: गुरुजींचा आलाप अगदी हळू, पाठोपाठ शिष्याचा संदेश कानावर आदळणारा. शिष्यांच्या फायली खाली आणल्या. आलाप फुगवून सपाट करायला मी नकार दिला आणि बाईंनीही तसं मागितलं नाही. ठाणे-बेलापूरच्या काँक्रीट रस्त्यावर टायरचा आवाज मंद्र सप्तक गिळतो हे खरं, पण त्यावर फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला आवाजाचा तोल) पुढच्या स्पीकरांकडे आणि बास बूस्ट बंद, एवढ्यानं बराच फरक पडला.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. फोन जोडलेला होता, कॉल येत होते, संगीत येत नव्हतं. फोनमध्ये जोडलेल्या उपकरणापुढे "कॉल" आणि "मीडिया ऑडिओ" अशी दोन वेगळी बटणं असतात, कारण बोलणं आणि संगीत दोन वेगळ्या वाटांनी जातं. मीडियाचं बटण बंद होतं. ते चालू केल्यावर सगळं वाजलं, ओपससुद्धा, कारण तिथे फाइल उलगडायचं काम फोन करतो. तरी रोजच्या ऐकण्यासाठी मी पेनड्राइव्हच सुचवला. फोनवर ऐकायचं तर मध्ये मेसेजची टिंग येते आणि पुढचा संदेश लावायला हात फोनकडे जातो. गाडी चालवताना फोन हातात घेणं २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं, पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. कायदा नसता तरी माझा सल्ला हाच असता. सकाळी आलेले ताजे संदेश बाई आता नेरुळला गाडी लावल्यावर, वर्गात जाण्याआधी ब्लूटूथवर ऐकतात. बाकीचे आठवड्याला एकदा बदलून पेनड्राइव्हवर जातात. ते काम त्याच शिष्येचा भाऊ करतो, छुप्या फायली पुसून.

खर्च झाला तो ३२ जीबीच्या पेनड्राइव्हचा आणि माझ्या कामाचा. स्टिरिओ तोच आहे.

सूर चढवणारी कॅसेट

एक गोष्ट अजून पुरी झालेली नाही. मारव्याच्या एका बैठकीबद्दल बाई सुरुवातीपासून म्हणत होत्या की स्टिरिओ सूर चढवतो. ९६,००० वरून ४४,१०० वर आणताना सूर हलत नाही, हे मी त्यांना तानपुऱ्याशी लावून दाखवलं होतं. तरी या एका फाइलबद्दल त्या ऐकेनात. "गुरुजी काळी एकमध्ये गायचे. शेवटाला इथे पांढरी दोन ऐकू येते. गुरुजी पांढरी दोनमध्ये कधी गायले नाहीत."

मूळ फाइल कॉम्प्युटरवर मोजली. सुरुवातीला षड्ज काळी एकलाच आहे, आणि पुढे तो हळूहळू चढत शेवटी जवळजवळ अर्धा सूर वर जातो. दोष मूळ टेपमध्येच आहे. बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की टेप सावकाश फिरते. अशी टेप नंतर नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज वर जातो, आणि बॅटरी जसजशी उतरली तसतसा जास्त वर. अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. हा फरक एकसारखा असता तर सबंध फाइलचा वेग कमी करून काम झालं असतं. तो वाढत जाणारा आहे, म्हणून दुरुस्तीही वाढत गेली पाहिजे.

आधार एकच आहे: बैठकीत मागे वाजणारा तानपुरा. गाणारा स्वर आंदोलित होतो, मींड घेतो; तानपुऱ्याचा षड्ज सतत तिथेच असतो. दर काही मिनिटांनी गाणं विसावतं त्या जागी तो षड्ज मोजायचा, तिथला वेग ठरवायचा आणि मधला भाग सरकत्या वेगानं जोडायचा, असं आम्ही करतो आहोत. विलंबितापर्यंत जमलं आहे. द्रुतात तबल्याच्या ठोक्यांखाली तानपुरा नीट ऐकू येत नाही. तिथे यंत्राचा आकडा आणि बाईंचा कान यांत फरक पडला की आम्ही बाईंचा कान प्रमाण मानतो. तोवर ती बैठक आहे तशीच पेनड्राइव्हवर आहे, आणि तिच्या आधीच्या निवेदनात बाईंनी सांगून ठेवलंय: "या ध्वनिमुद्रणात शेवटी सूर चढतो, तो टेपचा दोष आहे."